कौल बसतं, टाइल लटकते

मराठीत ‘कौल’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. तो कौल देवाला लावतात. ते कौल घरावर असतं.

मालवण-कुडाळ भागातल्या देवळांत आजही मूर्तीला ओले तांदूळ किंवा फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि उजवी आधी पडते की डावी यावरून देवाचं उत्तर वाचतात. तिथे चिकटवलेली गोष्ट कधी ना कधी पडणारच, हे सगळ्यांनी धरलेलं असतं. घरावरच्या कौलाचं नेमकं उलट. ते कशालाच चिकटवलेलं नसतं आणि तरी पावसाळ्यामागून पावसाळे डोक्यावर राहतं.

हा लेख दुसऱ्या कौलाचा आहे, आणि त्याच्या नव्या नातलगाचा: बाथरूमच्या छताला खालून चिकटवायच्या टाइलचा. दोन्ही भाजलेली माती. दोन्ही आपल्या डोक्यावर. फरक एवढाच की कौल बसलेलं असतं आणि टाइल लटकलेली. या ‘एवढाच’मध्ये दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत असेल तर वर टाइल लावायची की नाही हे ठरवणं सोपं जातं.

कुंभाराची नळी

मंगलोरी कौलं येण्याआधी कोकणात नळीची कौलं होती. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळतं होत जाणारं नळकांडं काढायचा, ते ओलं असतानाच त्याला उभी चीर द्यायचा, आणि सुकल्यावर त्याचे दोन तुकडे व्हायचे. भाजले की दोन कौलं तयार. छपरावर एक ओळ उताणी आणि त्यांच्या सांध्यांवर दुसरी ओळ पालथी. उताण्या ओळीतून पाणी वाहतं, पालथी ओळ फट झाकते. खिळा नाही, चुना नाही. स्वतःचं वजन, शेजारच्याशी घर्षण आणि छपराचा उतार, एवढ्यावर सगळं छप्पर उभं.

हे छप्पर हलायचं. मांजरं त्यावरून धावायची, वाऱ्याने ओळ सरकायची, नारळ पडला की दोन-चार कौलं फुटायची. म्हणून दरवर्षी पावसाच्या तोंडावर शाकारणी असायची. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कचरा झाडायचा, कुठे वाळवी लागलीय ते बघायचं, वासे-रिपा बदलायच्या आणि कौलं पुन्हा लावायची.

याकडे आपण सहसा ‘जुन्या घराची कटकट’ म्हणून बघतो. पण व्यवस्था म्हणून बघितलं तर ती फार विचारपूर्वक केलेली आहे. घराचा जो भाग सगळ्यात जास्त मार खातो, तो वर्षातून एकदा पूर्ण उघडला जातो. जे बिघडलंय ते दिसतं, आणि जेवढं बिघडलंय तेवढंच बदललं जातं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्याला मॉड्युलर म्हणतो आणि ज्यासाठी बैठकांवर बैठका घेतो, ते कुंभाराने चाकावर करून ठेवलं होतं.

अर्थात ही व्यवस्था फुकट नव्हती. उन्हातान्हात छपरावर चढणारे हात बहुतेकदा घरमालकाचे नसत. कौलं घडवणाऱ्या कुंभाराला मोबदला धान्यात मिळे. आणि ज्या गड्यांनी वाड्याची कौलं परतली, त्यांच्या स्वतःच्या खोपट्यावर गवत नाहीतर माडाच्या झावळा असायच्या. कौल डोक्यावर असणं ही ऐपत होती.

आल्टकिर्शची खाच

१८४१ साली फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या आल्टकिर्श गावच्या झिलार्दोनी भावांनी एका नव्या कौलाचं पेटंट घेतलं. सपाट कौल, कडांना खाच आणि उंचवटा. एकाची खाच दुसऱ्याच्या उंचवट्यात अडकते. मागच्या बाजूला छोटी टोकं, ती रिपेला अडकतात. त्यामुळे कौल घसरत नाही आणि एकावर एक जास्त चढवावंही लागत नाही. नळीच्या कौलांपेक्षा कमी नग, कमी गळती, कमी सरकासरक.

आल्टकिर्शपासून स्वित्झर्लंडचं बासेल शहर फार लांब नाही. या शहरातल्या बासेल मिशनचे धर्मप्रचारक १८३४ पासून मंगलोरला होते. ख्रिस्ती झालेल्या अनेकांचा जातीचा धंदा आणि आधार सुटत होता, त्यांना काम देणं मिशनला भाग होतं. विणकाम सुरू झालं. मग गेओर्ग प्लेब्स्ट या मिशनच्या तंत्रज्ञाने नेत्रावतीकाठची चिकणमाती हेरली आणि १८६५ साली मंगलोरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना सुरू झाला. तीनच वर्षांनी, १८६८ ला, आल्बुकर्क या स्थानिक घराण्याचा कारखाना उभा राहिला. पुढे मंगलोर ते फेरोकपर्यंत किनाऱ्यावर अशा कारखान्यांची रांग लागली. पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता शत्रूची म्हणून इंग्रजांनी ताब्यात घेतली आणि कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. कौलं मात्र थांबली नाहीत.

ही कौलं गलबतांतून आणि पडावांतून किनाऱ्याने वर आली. रस्त्याने आणली असती तर निम्मी फुटली असती. कोकणातल्या बंदरांना याचा मोठा फायदा झाला, आणि मालवण तर बंदरच. आजही जुनं घर उतरवताना कौल उलटं करून बघा. मागच्या बाजूला कारखान्याचं नाव, गाव आणि बऱ्याचदा सालही ठसठशीत उठवलेलं असतं. ते साल कारखान्याच्या स्थापनेचं असतं, कौलाच्या जन्माचं नव्हे. ‘आमचं कौल १८६५ चं’ असं सांगणाऱ्या नातेवाइकाला एवढं हळूच सांगायला हरकत नाही.

आता आपल्या विषयाच्या अगदी जवळची गोष्ट. हे कारखाने फक्त छपराची कौलं करत नव्हते. ते छताच्या आतल्या बाजूसाठीही टाइल काढत. मंगलोर-केरळकडच्या जुन्या घरांत आणि कचेऱ्यांत वर बघितलं की कौलांची पाठ दिसत नाही, नक्षीदार, सपाट, तांबड्या मातीच्या टाइलची ओळ दिसते. त्या रिपांवर ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या वर खरी कौलं. मधल्या हवेमुळे उष्णता कमी उतरते, कौलांतून झिरपलेला थेंबही थेट खाली येत नाही. म्हणजे भाजलेल्या मातीची टाइल छताला लावायची कल्पना आपल्या किनाऱ्याला नवी नाही. पण तीही बसलेलीच होती. एखादी फुटली तर वरून उचलायची आणि दुसरी ठेवायची.

घराबाहेरची न्हाणी

बाथरूमच्या छताचा प्रश्न आपल्या पणजीला पडला नाही, कारण बाथरूमला छत नव्हतं आणि ती घरातही नव्हती. मागच्या दारी न्हाणी. चिऱ्याचा ओटा, चुलीवर पाण्याचा हंडा, आणि सांडपाणी सरळ माडाच्या नाहीतर केळीच्या आळ्यात. वर आभाळ, फारतर झावळांचं छप्पर. वाफ कुठे साठायची हा प्रश्नच नव्हता.

ही आठवण गोड करून सांगायचा मोह होतो, पण त्या न्हाणीत बाईमाणसाने कसं वावरायचं हे आपल्या आज्यांना विचारा. झावळांचा आडोसा, पहाटेची वेळ, पावसात चिखल, आजारपणात किंवा बाळंतपणात अंगण ओलांडून जाणं, रात्री सापाकिरड्याची भीती. कडी असलेली, दिवा असलेली, घरातली बाथरूम हा बायकांच्या दृष्टीने मोठा बदल होता. त्यामुळे ‘जुनं ते सोनं’ म्हणत बाथरूमवर टीका मला करायची नाही. पाणी घराच्या आत आलं ते बरंच झालं. फक्त त्याच्याबरोबर वाफही आत आली.

आणि त्याच काळात डोक्यावर स्लॅब आला. त्याची कारणं कोकणात अगदी ठोस आहेत. घरातला कर्ता माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. घर वर्षातले बरेच महिने बंद. शाकारणीला माणूस मिळत नाही, लाकूड महाग, आणि माकडांच्या टोळ्या आल्या की कौलांचा चुरा. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा किती घरांची कौलं उडाली ते इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. बंद घराला स्लॅब बरा. कुलूप लावा आणि जा.

चाकरमान्याच्या या हिशोबात एक गोष्ट मात्र सुटली. कौलारू घर वर्षातून एकदा उघडून बघितलं जायचं. स्लॅब कोणीच बघत नाही.

चुन्याने धरलेली टाइल

टाइल चिकटवायची कला जगात फार जुनी आहे, आणि तिचा एक मोठा धडा आपल्या सीमाभागातल्या बिदरला उभा आहे. बहमनी वजीर महमूद गावान मूळचा इराणातल्या गिलानचा. त्याने कोकणावर मोठी मोहीम काढली, १४७२ साली गोवा घेतलं, आणि त्याच सुमारास बिदरला मदरसा बांधला. इमारतीचा दर्शनी भाग आणि मनोरा इराणी धाटणीच्या निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चकचकीत टाइलने मढवला होता. १७व्या शतकाच्या अखेरीस आतल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. पण जो भाग उभा राहिला त्यावरच्याही बऱ्याच टाइल शतकानुशतकं एकेक करून गळत गेल्या. दगडी भिंत जागेवर आहे, तिच्यावरचा थर निघून गेला.

असं का होतं, याची उत्तरं मातीत आणि चुन्यात आहेत. भाजलेली माती भट्टीतून कोरडीठाक बाहेर येते आणि त्या क्षणापासून हवेतला ओलावा पीत राहते. त्यामुळे ती वर्षानुवर्षं, अगदी किंचित, फुगत जाते. सच्छिद्र टाइलमध्ये ही वाढ मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाऊ शकते. ही फूग साधं ऊन लागून परत जात नाही. मंगलोरी कौलही असंच फुगतं, पण त्याच्या चारही बाजूंना खेळती फट असते. चिकटवलेल्या टाइलला जागा नसते. तिच्या मागचं काँक्रीट पहिली काही वर्षं उलट आकसत असतं. एक वाढतंय, दुसरं आखडतंय, आणि मधल्या थराने दोघांना धरून ठेवायचंय.

चुन्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. आपल्या किनाऱ्यावर चुना शिंपल्यांचाही करत. तिसऱ्या, कालवं यांची कवचं भट्टीत भाजायची की चुनकळी मिळते. ती पाण्यात विरवायची, वाळूबरोबर घाणीत मळायची आणि बांधकामात वापरायची. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा शिंपल्याच्याच रसायनाकडे परततो, आणि हे इतकं सावकाश होतं की इमारत जराशी हलली, बसली तरी चुना तेवढं सोसतो. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ ला कुरटे बेटावर सुरू झालं आणि तीन वर्षांत पूर्ण झालं. तिथे शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जो ठसा दाखवतात, तो चुन्यातच उमटलेला आहे. सिमेंट जास्त ताकदवान आहे, पण ताठ आहे. ते वाकत नाही, तडकतं.

न पडलेली छतं

मग टाइलचं छत टिकूच शकत नाही का? टिकतं, आणि त्याचं उत्तम उदाहरण न्यूयॉर्कला आहे.

राफाएल ग्वास्ताविनो हा स्पेनमधला बांधकामतज्ज्ञ १८८१ मध्ये मुलाला घेऊन अमेरिकेला गेला. कॅटलोनियातली जुनी रीत त्याने तिकडे नेली. पातळ टाइलचा पहिला थर झटपट आवळणाऱ्या जिप्समने हवेतच जोडायचा, त्यावर सिमेंटमध्ये दुसरा, तिसरा थर, प्रत्येक थराचे सांधे चुकवून. आकार मात्र नेहमी कमानीचा. एलिस बेटावरच्या, स्थलांतरितांची नोंदणी होणाऱ्या मोठ्या दालनाचं जुनं छत १९१६ च्या स्फोटाने खराब झालं. त्यानंतर १९१८ मध्ये ग्वास्ताविनोच्या कंपनीने तिथे टाइलची कमान बांधली. १९८० च्या दशकात दुरुस्ती काढली तेव्हा २८ हजारांहून जास्त टाइलपैकी फक्त १७ बदलाव्या लागल्या.

या छताचं रहस्य चिकटवणीपेक्षा कमानीत आहे. कमानीतली टाइल खाली पडायचा प्रयत्न करते तेव्हा शेजारणीवर रेलते, ती तिच्या शेजारणीवर, आणि सगळा भार भिंतींत उतरतो. म्हणजे नीट बघितलं तर हीसुद्धा बसलेलीच टाइल आहे.

दुसरं उदाहरण सिडनीच्या ऑपेरा हाउसचं. १९७३ मध्ये उघडलेल्या त्या इमारतीच्या शिंपल्यांसारख्या छपरांवर दहा लाखांहून जास्त टाइल आहेत. वर चढून एकेक चिकटवत बसणं धोक्याचं आणि बेभरवशाचं होतं. म्हणून जमिनीवर साच्यात टाइल तोंड खाली करून मांडल्या, मागून लोखंडी जाळी आणि सिमेंट ओतलं, आणि तयार झालेले चार हजारांहून जास्त तुकडे वर नेऊन बोल्टने बसवले. जमिनीवर काम तपासता येतं, डोक्यावर येत नाही.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. टाइलच्या मागे काय आहे, याचा विचार टाइलच्या आधी झालेला होता.

तीन किलो आणि नऊ टन

आता आपली बाथरूम. शहरात चकचकीत टाइल आधी स्वच्छतेची खूण म्हणून आली. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत घाण दिसेल आणि धुता येईल अशा पृष्ठभागांना महत्त्व आलं. १९२२ मध्ये सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या भावनेतून भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली आणि नक्षीदार सिमेंटच्या लाद्या इथेच होऊ लागल्या. १९५८ ला जॉन्सनचा भारतातला उद्योग उभा राहिला आणि मध्यमवर्गाच्या मोरीत कमरेएवढी पांढरी टाइल आली. आज गुजरातमधलं मोरबी देशातल्या बहुतेक टाइल बनवतं, आणि तिथून निघालेला ट्रक थेट कुडाळ-मालवणपर्यंत येतो. टाइल स्वस्त झाली तशी कमरेपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून स्लॅबपर्यंत चढली. आता वर फक्त छत उरलंय.

आमच्या मालवणजवळच्या घरातही हाच प्रश्न निघाला. बाथरूमच्या स्लॅबचा रंग पोपडे धरून पडत होता, कोपऱ्यात काळी बुरशी होती. मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं, ‘वर पण टाइल मारून टाकूया, कटकटच नको.’ आईलाही ते पटलं होतं, आणि तिचं कारण माझ्या सगळ्या वाचनापेक्षा वजनदार होतं. दर पावसाळ्यात स्टुलावर उभं राहून, डोळ्यांत ब्लीचचे थेंब झेलत, ती बुरशी तीच पुसायची. टाइल असती तर एक फडका मारला की झालं. आजीला मात्र ते मान्य नव्हतं. ‘कौल फुटला तर बदलूक येता. ही लादी सुटली तर सरळ डोक्यार येतली.’

मी गणित करून बघितलं. एक फूट बाय दोन फूट, आठ मिलिमीटर जाडीची भिंतीची टाइल साधारण तीन किलोची. साध्या सिमेंटी टाइल अॅडहेसिव्हने दर चौरस मिलिमीटरला किमान अर्धा न्यूटन ओढ सोसावी अशी युरोपीय मानकाची अपेक्षा आहे. या टाइलच्या पाठीचं क्षेत्रफळ १ लाख ८० हजार चौरस मिलिमीटर. म्हणजे ९० हजार न्यूटन, सुमारे नऊ टन. तीन किलोच्या टाइलला धरायला नऊ टनांची पकड! शिवाय मंगलोरी छपराचं वजन चौरस मीटरला चाळीसेक किलो भरतं आणि या टाइलचं सोळा. कागदावर आजी हरली.

पण टाइल कागदाला चिकटवायची नसते. वरून खाली थर मोजा: स्लॅबचं काँक्रीट, त्याखाली गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर रंग, मग अॅडहेसिव्ह, मग टाइल. नऊ टनांचा हिशोब फक्त शेवटच्या जोडाचा. साखळी तुटते ती सगळ्यात कच्च्या कडीपाशी. रंगावर चिकटवलेली टाइल म्हणजे रंगाने धरलेली टाइल, आणि तो रंग तर आधीच सुटत होता. स्लॅब ओतताना फळ्यांना लावलेल्या तेलाचा अंश काँक्रीटच्या खालच्या अंगाला राहतो. छिन्नीने टोचे न मारता त्यावर गिलावा केला असेल तर तोच पोकळ असतो. आणि टाइलच्या चार कोपऱ्यांत चार, मधे एक असे गोळे लावून ती वर दाबली, तर पाठीचा निम्मा भाग हवेत राहतो. त्या पोकळीत वाफ साठते.

मीठ

किनाऱ्यावर आणखी एक गडी असतो, तो शहरातल्या गणितात येत नाही. मीठ.

स्लॅबच्या पोटात लोखंडी सळया असतात. काँक्रीट मुळात अल्कधर्मी, त्यामुळे सळईवर एक संरक्षक पापुद्रा बनतो आणि ती गंजत नाही. खाऱ्या हवेतले, किंवा खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर त्या वाळूतले, क्लोराइड हा पापुद्रा फोडतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. आत जागा नसते, म्हणून तो काँक्रीटलाच खाली ढकलतो. आधी तांबूस डाग, मग सळईच्या रेषेत बारीक तडा, मग पोपडा, मग ढेकूळ.

म्हणूनच काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, थेट समुद्री हवेत उघड्या असलेल्या बांधकामाला सळईखाली ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कवच सांगितलंय. साध्या कोरड्या जागेला २० मिलिमीटर चालतं. आपल्याकडचे अनेक जुने स्लॅब दुसऱ्या हिशोबाने ओतलेले आहेत. बाथरूममध्ये खालून वाफ, बाहेरून मीठ, वरून जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस.

आता या स्लॅबला खालून टाइल लावली की काय होतं? गंजाला काहीच होत नाही, तो चालू राहतो. पण तांबूस डाग दिसत नाही. तडा दिसत नाही. पोपडा पडून सूचना मिळत नाही. जे दिसतं ते थेट शेवटी, आणि तेव्हा टाइल एकटी येत नाही, मागचं ढेकूळ घेऊन येते. आईची बुरशीची तक्रार खरी होती आणि आजीची भीतीही खरी होती. माझं नऊ टनांचं गणितही बरोबर होतं, ते फक्त चुकीच्या थराचं होतं.

मग लावायची की नाही?

नवीन बांधकाम असेल, स्लॅबचं कवच नीट असेल, वर गच्चीची गळती नसेल, तर लावता येते. त्याची रीत आहे. रंग, पुट्टी आणि पोकळ गिलावा काढून उघड्या काँक्रीटपर्यंत जायचं आणि टोचे मारायचे. टाइल लहान आणि हलकी घ्यायची. भिंतीची सच्छिद्र टाइल चिकटवण पिते आणि पकड धरते, घट्ट भाजलेली व्हिट्रिफाइड टाइल जड असते आणि पाणी पीत नाही, म्हणून तिला पॉलिमर मिसळलेलंच अॅडहेसिव्ह लागतं. दातेरी करणीने छतावरही थर ओढायचा आणि टाइलच्या पाठीवरही, म्हणजे पोकळी राहत नाही. सांधे रुंद ठेवायचे आणि चारही भिंतींपाशी फट सोडून ती लवचीक सीलंटने भरायची, म्हणजे फुगणाऱ्या टाइलला जागा मिळते. आणि दरवर्षी काठीने हलकं ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकायचं.

आमच्या स्लॅबवर ठोकल्यावर दोन ठिकाणी पोकळ आवाज आला. तिथला गिलावा काढला तर दोन सळया तांबड्या. त्या घासून, गंजरोधक लेप देऊन, पॉलिमर मॉर्टरने जागा भरली. वर टाइल लावली नाही. भिंतीची टाइल छतापर्यंत नेली, खिडकी मोठी केली, एक्झॉस्ट पंखा बसवला आणि वर साधा चुना काढला. चुना अल्कधर्मी, बुरशीला तो मानवत नाही, आणि त्यावर डाग उमटला तर लगेच दिसतो. आईने एकच अट घातली: दरवर्षी चुना काढायला आणि कोपरे पुसायला तिने स्टुलावर चढायचं नाही. ते काम आता मे महिन्यात माझं आहे.

आपल्याकडे स्लॅब येऊन दोन पिढ्या झाल्या. कौलांच्या वार्षिक तपासणीला मराठीत शाकारणी हा नेमका शब्द आहे, आणि तो उच्चारला की कधी करायची, कोणी चढायचं, काय बघायचं हे सगळं त्यात येतं. स्लॅबसाठी असा शब्द अजून झालेला नाही. तोवर, पावसाआधी एकदा काठी घेऊन बाथरूमच्या छताला ठोकून बघा.